तिहुआनाची फूड टूर: सँडिएगोहून जाताना कागदपत्रं, शाकाहार, परतीची रांग वगैरे

अबोली_एसडी

नमस्कार मंडळी. तिहुआनाच्या (सीमेलगतचं मेक्सिकोतलं शहर) फूड टूरबद्दल व्यनित (खाजगी निरोपांत) सारखे तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवते, पुढच्याला शोधायला बरं पडेल. मी सँडिएगोत राहते, सीमेपलीकडे जाऊन खाणं आमच्या घरी नेहमीचंच आहे, आणि पाहुणे आले की त्यांना पहिल्यांदा गाइडसोबतच नेते. तिहुआना म्हणजे नुसती दारू आणि औषधांची दुकानं असं ज्यांना वाटतं त्यांना तिथलं जेवण एकदा खायला घालावं असं मला फार मनापासून वाटतं.

आधी कागदपत्रं. बाकी सगळं आयत्या वेळी निस्तरता येतं, हे नाही. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट मात्र प्रत्यक्ष हातात पाहिजे, मोबाइलमधला फोटो चालत नाही. आपल्या लोकांचा घोळ कुठे होतो तर एच-१बी (नोकरीचा व्हिसा) एक्स्टेंड झालेला असतो, आय-७९७ (त्या मंजुरीचा कागद) फाइलला व्यवस्थित लावलेला असतो, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलेला असतो, आणि ऑफिसात कुणीतरी सांगितलेलं असतं की ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन असतं, तीस दिवसांच्या आत परत आलं की झालं. ती सोय अमेरिकेत परत शिरण्यापुरती आहे. मेक्सिकोत शिरताना मेक्सिकोचा अधिकारी आय-७९७ वर सोडत नाही, त्याला चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड दिसायला हवं, नाहीतर मेक्सिकोचा स्वतःचा व्हिसा. म्हणजे स्टॅम्प संपलाय तर आधी मेक्सिकन कॉन्सुलेट, मग टूरचं बुकिंग. आणि ज्यांचा आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) पेंडिंग आहे, स्टेटस मधल्या मधे बदललंय, त्यांनी फोरमवरच्या कुणाचंही ऐकू नका, माझंसुद्धा नाही, आपल्या वकिलाला एक ईमेल टाका. टाकोसाठी ग्रीन कार्डाची फाइल अडकवायची नाही.

एफ-१ वाल्या (विद्यार्थी व्हिसावरच्या) मुलांनी आय-२० (कॉलेजने दिलेला फॉर्म) न्यायचा आणि त्यावरची ट्रॅव्हल सही वर्षाच्या आतली आहे ना ते बघायचं, ओपीटीवर (शिक्षणानंतरच्या नोकरीच्या परवानगीवर) असाल तर सही सहा महिन्यांच्या आतली हवी आणि ईएडी (कामाच्या परवान्याचं) कार्ड पण.

दुसरी गोष्ट, चालत जा. सँडिएगो ट्रॉलीची ब्लू लाइन थेट सॅन इसिड्रोला संपते, उतरलं की समोर सीमा. २०२१ पासून तीच लाइन वर यूटीसी भागापर्यंत गेलीये त्यामुळे ला होया, यूसीएसडीकडच्यांना गाडी बदलायची पण गरज नाही. अमेरिकेचा गाडीचा इन्शुरन्स मेक्सिकोत चालत नाही, वेगळा काढावा लागतो, भाड्याच्या गाड्या तर बरेचदा न्यायलाच देत नाहीत, आणि परत येताना गाड्यांच्या रांगेत बसून खाल्लेलं सगळं जिरून पुन्हा भूक लागते. बऱ्याच टूरवाल्या ट्रॉली स्टेशनपाशीच भेटतात आणि पलीकडे त्यांची व्हॅन असते. भेटायची जागा अमेरिकेच्या बाजूला आहे की मेक्सिकोच्या ते मात्र बुक करतानाच विचारून घ्या, कारण पलीकडे भेटायचं असेल तर इमिग्रेशनचा वेळ तुम्हाला आधी धरावा लागतो. तिथे एक एफएमएम नावाचा प्रवेशाचा फॉर्म असतो, जमिनीवरून जाऊन सात दिवसांच्या आत परत येणार असाल तर त्याची फी नसते. घड्याळ बदलायचं नाही, तिहुआनाची वेळ सँडिएगोचीच.

तिसरी गोष्ट कुणीच विचारत नाही आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची: टूर सकाळची आहे की संध्याकाळची. तिहुआनात कुठलीही गोष्ट कधीही खात नाहीत. बिर्रिया (मसाल्यात शिजवलेलं मांस) सकाळचा, मासे-कोळंबी सकाळपासून दुपारपर्यंत, संध्याकाळी मारिस्कोसच्या (मासे-कोळंबीच्या) गाड्या आवरलेल्या असतात. आदोबादा, म्हणजे शॉर्मासारखं उभ्या सळीवर भाजलेलं मसाल्याचं डुक्कर, ते खरं रात्रीचं. तेव्हा मासे खायचेत आणि संध्याकाळची टूर घेतली तर हिरमोड होणार, त्यात गाइडचा दोष नाही.

प्रश्न असतील तर इथेच विचारा, जमेल तसं उत्तर देते.

---

शेवगा

खूप छान माहिती अबोलीताई, बरोबर वेळेवर धागा काढलात. आम्ही बे एरियातून थँक्सगिव्हिंगला येतोय, दोघं शाकाहारी, नवरा अंडं खातो मी तेही नाही, आणि आमच्यासोबतचं जोडपं सगळं खातं पण बीफ नाही. टूरच्या वेबसाइटवर व्हेजिटेरियन ऑप्शन अव्हेलेबल असं लिहिलंय तर तेवढ्यावर विश्वास ठेवावा का? मागे एका गावात (मेक्सिकोतच, पण दुसरीकडे) असंच लिहिलेलं होतं आणि आम्हाला दिवसभर चीज क्वेसाडिया आणि फ्राइज खायला दिले, पैसे मात्र सगळ्यांएवढेच घेतले.

---

अबोली_एसडी

@शेवगा, तेवढ्यावर नका राहू. "आम्ही शाकाहारी आहोत" हे वाक्य तिथे पुरत नाही, काय काय नको ते नाव घेऊन सांगावं लागतं. कार्ने (मांस) म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर फक्त गुरा-डुकराचं मांस येतं, त्यामुळे "सिन कार्ने" (मांसाशिवाय) सांगितलं तर चिकन येऊ शकतं, आणि देणाऱ्याच्या दृष्टीने त्याने तुमचं ऐकलेलंच असतं. म्हणून चारही सांगायचं, सिन कार्ने, सिन पोयो (चिकन), सिन पेस्कादो (मासा), सिन कामारोन (कोळंबी). अंडं नको तर सिन वेवो.

खरी अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते, न दिसणाऱ्या चरबीची असते. घोटलेल्या राजम्याला (फ्रिहोलेस रेफ्रितोस) बरेचदा डुकराच्या चरबीची फोडणी असते, तिला मान्तेका म्हणतात, "सिन मान्तेका" हे दोन शब्द पाठच करा. मैद्याच्या तोर्तियात (पातळ पोळीत) पण मान्तेका असू शकते. मक्याची तोर्तिया साधारण बिनचरबीची असते, मका आणि चुना, आपल्या खायच्या चुन्यातलाच प्रकार, त्यात मका शिजवून दळतात. लाल भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. सूपचं तेच. आणि सीझर सॅलड! ते तिहुआनाचंच, रेव्होल्युसिओन रस्त्यावरच्या सीझर्स रेस्टॉरंटमध्ये १९२४ साली सीझर कार्दिनी या इटालियन माणसाने केलं असं मानतात, अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती आणि लोक प्यायला-खायला इकडे यायचे. अजून तिथे तुमच्या टेबलापाशी येऊन लाकडी वाडग्यात ड्रेसिंग घोटून देतात, बघायला फार सुंदर वाटतं, पण त्यात अंडं आणि अँचोव्ही मासा असतो. नुसतं पानांचं सॅलड म्हणून कुणी पुढे केलं तर तुम्ही खाऊ नका, नवऱ्याला पण मासा चालत नसेल तर नाही.

बीफवाल्या प्रश्नाचं: कार्ने आसादा म्हणजे तिथे बीफच, बिर्रिया तिहुआनात बहुतेक बीफचाच, लेंग्वा (जीभ), त्रिपा (आतडं), काबेसा (डोकं) हे पण साधारण गाई-बैलाचंच. "नो कोमो रेस" म्हणजे मी बीफ खात नाही. तुमच्या मित्रांना चिकन, मासे, आणि डुक्कर चालत असेल तर आदोबादा आणि कार्नितास, एवढं उरतं आणि ते भरपूर आहे.

बुक करायच्या आधी टूरवाल्याला मेल टाका, गप्पा नको, सरळ हे विचारा: आमच्यासाठी कुठल्या ठिकाणी नेमका कुठला पदार्थ असेल? तवा वेगळा असेल का? बीन्समध्ये चरबी असते का? चांगला गाइड प्रत्येक थांब्याचं वेगळं उत्तर देतो, दोन ठिकाणी सोय नाही हेही सांगतो. नुसतं "काळजी करू नका, काहीतरी करू" असं उत्तर आलं तर दुसरी टूर बघा. शाकाहाऱ्यांना दर कमी पडेल का हेही विचारायला लाजू नका.

---

रानभाजी

शाकाहारी लोकांनी अजिबात नाराज होऊ नये, मी स्वतः शाकाहारी आहे आणि मला तिथे जेवढं घरच्यासारखं वाटतं तेवढं अमेरिकेतल्या कुठल्या रेस्टॉरंटात वाटत नाही. फक्त टाकोच्या गाडीवर उभं राहून काही होत नाही, गाइडला म्हणायचं मेर्कादो इदाल्गोला ने. (हिदाल्गो लिहितात पण ह म्हणत नाहीत.) मोठा बाजार आहे, मधे गाड्या लावायची जागा आणि चहूबाजूंनी दुकानं. तिथे नोपाल मिळतो, म्हणजे निवडुंगाची कोवळी पानं काटे काढून चिरलेली, भेंडीसारखी थोडी बुळबुळीत, भाजली की मस्त लागते. भोपळ्याच्या फुलांची क्वेसाडिया, आपण त्याच फुलांची भजी करतो. वितलाकोचे म्हणजे मक्याच्या कणसावर येणारी काळी बुरशी, दिसायला कशीतरीच पण मशरूमच्या भाजीसारखी लागते, नक्की खा.

आणि बेर्दोलागास बघितली की थांबा, ती आपली घोळाची भाजी आहे, तीच, जाडसर पानांची आंबूस. माझी आजी डाळ घालून करायची, तिथे हिरव्या साल्सात शिजवतात (डुकराबरोबर पण करतात म्हणून विचारून घ्या). आलेग्रिया म्हणून वड्या मिळतात ती चक्क राजगिऱ्याची चिक्की, उपासाला खातो तीच. आग्वा दे हमायका नावाचं लालभडक सरबत लाल अंबाडीच्या बोंडांचं असतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्यांच्या घरी अंबाडी खातात त्यांना तर एकदम ओळखीची चव लागेल. चिंचेचं सरबत आहे, चिंच-तिखट लावलेल्या गोळ्या आहेत, काकडी-कलिंगडावर लिंबू-मिरची भुरभुरून देतात. मिरची, टोमॅटो, पेरू, चिकू हे सगळं मुळात त्या बाजूचंच, पोर्तुगीजांच्या जहाजांनी मिरची गोव्याच्या किनाऱ्याला आणली आणि मग आपल्याकडे पसरली, आज मिरचीशिवाय कोल्हापूर कल्पना करून बघा. मला त्या बाजारात हिंडताना आपण पाहुण्यांच्या घरी आलोय असं नाही वाटत, नातेवाइकांकडे आल्यासारखं वाटतं.

एकच खबरदारी, चॅपुलिनेस म्हणून खारवलेले-तळलेले नाकतोडे असतात, तिखट मसाल्याच्या शेंगदाण्यांच्या शेजारीच ठेवलेले असतात, वाटी पुढे केली की आधी विचारा.

---

पोटोबा

सगळं ठीक आहे पण टूर कशाला हवी ते मला कळत नाही. माणशी शंभराच्या वर डॉलर घेतात आणि टाको तिथे दोन-तीन डॉलरला मिळतो. यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत, उबर चालते, स्पॅनिश मोबाइल बोलून दाखवतो. मी नेहमी स्वतः जातो आणि व्यवस्थित खाऊन येतो, ज्या गाडीवर तिथली लोकं रांगेत उभी आहेत तिथे उभं राहायचं, फसत नाही माणूस. टूरवाले पर्यटकांच्या ठरलेल्या ठिकाणीच फिरवतात.

---

मालवणी_तडका

@पोटोबा तुमचं अर्धं पटतं. सगळं खाणारा, एकटा, चार शब्द स्पॅनिश येणारा माणूस असेल तर टूरची गरज नाही, रांग बघून उभं राहायचा नियम पण सोळा आणे खरा. पण इथे विचारणारे कोण आहेत बघा, शाकाहारी, बीफ न खाणारे, पहिल्यांदा सीमा ओलांडणारे. कोळंबी तळलेल्या तव्यावर त्यांचं चीज टाकलं तर मोबाइलला ते कसं कळणार, गाइडला कळतं, कारण तो त्या गाडीवाल्याला रोज भेटतो. माशांच्या बाबतीत तर मी म्हणेन पहिल्यांदा गाइड हवाच, कुठल्या गाडीवर आजचा माल ताजा आहे ते तोच सांगतो.

आता माशांबद्दल लिहितो, माझा जीवाभावाचा विषय आहे. बाहाचा (तिहुआना ज्या राज्यात आहे तिथला) फिश टाको म्हणजे पिठात बुडवून तळलेला पांढरा मासा, वर कोबी, क्रेमा (आंबूस साय), लिंबू, साल्सा. एन्सेनादा त्याचं गाव, तिहुआनाहून साधारण शंभर किलोमीटर खाली, समुद्राच्या कडेकडेने रस्ता जातो. युनेस्कोने २०१५ साली एन्सेनादाला खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर म्हणून मान दिलाय. दिवसभराची टूर घेणार असाल तर एन्सेनादा किंवा ग्वादालुपे खोऱ्यातल्या वायनरीज अशा पण टूर असतात, पण माझा सल्ला पहिल्या वेळी तिहुआनाच करा, प्रवासातच दिवस जात नाही. सेविचे तोस्तादा म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा कुरकुरीत तोर्तियावर, आणि आग्वाचिले म्हणजे कच्ची कोळंबी लिंबू आणि हिरव्या मिरचीच्या पाण्यात. आपल्या लोकांना कच्चं म्हटलं की नको वाटतं, पण आग्वाचिले एक घास तरी खाऊन बघा, मिरचीचा झणका थेट आपल्या हिरव्या ठेच्याच्या जातीचा आहे. मात्र पोट नाजूक असेल, प्रेग्नंट असाल, वय जास्त असेल तर कच्चं खाऊ नका, तळलेला टाको खा, त्यातही आनंद तेवढाच आहे. शेलफिशची अ‍ॅलर्जी असेल तर बुकिंगच्या वेळी लेखी कळवा, गाडीवर तेल एकच असतं.

आणि पहिल्या थांब्यावर पोट भरू नका!! टूरमध्ये पाच-सहा ठिकाणं असतात, पहिल्या ठिकाणी सगळे भुकेले असतात आणि तुटून पडतात, शेवटच्या दोन ठिकाणी नुसते बघत बसतात. दोघांत एक टाको घ्या, गाइडला सांगून.

---

पोटोबा

@मालवणी_तडका शाकाहाराचा मुद्दा मान्य. मला तो विचार करायची वेळ आली नव्हती. तरी म्हणतो, टूर घेणार असाल तर छोट्या गटाची घ्या, आठ-दहा जणांपर्यंत. बसभर लोक नेणारी टूर गाडीवर थांबूच शकत नाही, मग मोठ्या हॉटेलातच नेतात.

---

कृष्णाकाठ

आई-बाबा सांगलीहून आलेत, दोघं सत्तरीच्या आसपास, बी-२ (पर्यटक) व्हिसा आहे दहा वर्षांचा. त्यांना नेता येईल का? परत येताना त्यांचा सहा महिन्यांचा मुक्काम नव्याने मोजतात असं कुणीतरी म्हणालं. बाबांना डायबेटिस आहे, आईचे गुडघे दुखतात. आणि पाण्याचं काय करायचं?

---

अबोली_एसडी

@कृष्णाकाठ, नेता येईल. त्यांचा अमेरिकन व्हिसा चालू आहे, मल्टिपल एंट्री आहे ना ते एकदा बघा, मग मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. मुक्काम नव्याने मोजून मिळेल अशा हिशोबाने जाऊ नका, मेक्सिकोच्या छोट्या फेरीने तो आपोआप वाढत नाही. आय-९४ वर (मुक्कामाच्या मुदतीची नोंद) जी तारीख आहे ती धरून चाला, आणि परत आल्यावर वेबसाइटवर आय-९४ उघडून तारीख तपासा. हे सगळ्यांनीच तपासायचं, पासपोर्ट लवकर संपत असेल तर कधीकधी आय-९४ ची तारीख पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतात आणि लोकांच्या लक्षात राहत नाही. परतीचं भारताचं तिकीट प्रिंट करून आई-बाबांच्या हातात ठेवा, विचारलं तर दाखवायला. आणि त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स मेक्सिकोत लागू आहे का ते पॉलिसीत वाचा.

चालणं: सीमा ओलांडताना उतार, लांब बोळ, वळणं असं बरंच चालावं लागतं, परतीच्या रांगेत उभं राहावं लागतं ते वेगळं. गुडघ्यांसाठी तोच खरा त्रास, टूरमध्ये तर व्हॅन असते. व्हीलचेअर किंवा काठी-स्टूल असेल तर न्या, टूरवाल्याला आधी कळवा. बाबांची औषधं मूळ डबीत, दिवसाच्या गरजेपुरती आणि थोडी जास्त, सोबत ग्लुकोजच्या गोळ्या, कारण टूरमध्ये खाणं एकसारखं नसतं, दीड तास काहीच नाही आणि मग सलग तीन ठिकाणं असं होतं. सरबतं खूप गोड असतात.

पाणी नळाचं प्यायचं नाही, बाटलीचं प्या. बसून खायच्या नेहमीच्या ठिकाणी बर्फ आणि सरबत शुद्ध केलेल्या पाण्याचं असतं, तिथली माणसं स्वतःही नळाचं पीत नाहीत, मोठे जार घरोघरी येतात. गाडीवर शंका असेल तर बर्फाशिवाय मागा, "सिन येलो". उघड्यावर कापून ठेवलेली फळं आई-बाबांना नको, समोर कापून दिलेली चालतील. स्वच्छतागृहाला काही ठिकाणी चार-पाच पेसो लागतात आणि कागद मिळतोच असं नाही, टिश्यू आणि सुटे पैसे वेगळ्या खिशात ठेवा. डॉलर बहुतेक ठिकाणी घेतात, पण भाव त्यांचा असतो, त्यामुळे थोडे पेसो बरे. एटीएम वापरायचं तर बँकेच्या आतलं, आणि मशीन विचारेल की डॉलरमध्ये बदलून देऊ का, तर नको म्हणा.

---

दोन_पोरांची_आई

लहान मुलांना घेऊन कुणी गेलंय का? आमची दोन्ही इथे जन्मलेली, सहा आणि नऊ वर्षं. पासपोर्ट रिन्यूला टाकलेत, बर्थ सर्टिफिकेटवर चालतं असं ऐकलं. तिखट पण खात नाहीत फारसं.

---

रात्रपाळी_आरएन

@दोन_पोरांची_आई अमेरिकेत परत येताना सोळा वर्षांखालच्या अमेरिकन नागरिक मुलांना जमिनीवरच्या सीमेवर बर्थ सर्टिफिकेट चालतं, पण मेक्सिकोत शिरताना पासपोर्ट असलेला केव्हाही बरा, त्यामुळे येईपर्यंत थांबा असं माझं मत. एकच पालक सोबत जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र न्या, नोटरी केलेलं. मुलांना साल्सा न घातलेला चीजचा टाको, एलोते म्हणजे भाजलेलं-उकडलेलं कणीस, चुरोस, हे आवडतंच. टूरला मात्र वयाची अट असते कधीकधी, बिअरचे थांबे असलेली टूर मुलांसाठी घेऊ नका.

परतीबद्दल मी लिहितो कारण मी कामानिमित्त हे खूप बघतो. रविवारी दुपारनंतर आणि लाँग वीकेंडच्या शेवटच्या दिवशी रांग भयंकर असते, थँक्सगिव्हिंगला तर असतेच. @शेवगा, तुम्हाला जमलं तर आठवड्याच्या मधल्या वारी करा, नाहीतर सकाळची टूर घेऊन दुपारी लवकर परत फिरा. सीबीपीचं (अमेरिकेच्या सीमा तपासणी खात्याचं) बॉर्डर वेट टाइमचं अ‍ॅप आहे त्यात चालत येणाऱ्यांची रांग वेगळी दाखवतात, ते बघून मग शेवटच्या थांब्यावर किती रेंगाळायचं ते ठरवा. ग्रीन कार्ड आणि पासपोर्ट कार्डवाल्यांसाठी रेडी लेन असते. ग्लोबल एंट्रीचं प्रत्यक्ष कार्ड असेल तर सेन्ट्रीच्या (आधीच तपासणी होऊन पास मिळालेल्यांच्या) लेनमधून येता येतं, पण ज्याच्याकडे आहे त्यालाच, सोबतच्या कुटुंबाला नाही, मुलांचं सुद्धा वेगळं लागतं. रात्री सात वाजताचं परतीचं विमान धरून दुपारी टूर घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

खाण्याचं जे काही आणाल ते सगळं सांगून टाका. तोर्तिया, ब्रेड, गोळ्या-चॉकलेट, भाजलेली कॉफी, सुकं तिखट, घट्ट चीज हे साधारण येतं. ताजी फळं, बियांसकट अ‍ॅव्होकॅडो, कच्चं चिकन, अंडी, डुकराचे पदार्थ यांच्या नादी लागू नका. सांगितलं आणि चालत नसेल तर काढून घेतात आणि तुम्ही घरी जाता. लपवलं आणि सापडलं तर दंड ३०० डॉलरपासून सुरू होतो, आणि व्हिसावर असलेल्या माणसाने सीमेवर खोटं बोलणं ही पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे. दारू एकवीस वर्षांवरच्या माणशी एक लिटर.

आणि औषधं विकत घेऊ नका. रस्त्यावर प्रत्येक कोपऱ्यावर फार्मसी आहे, दारात माणूस उभा राहून बोलावतो. अमेरिकन परराष्ट्र खात्याने २०२३ मध्ये इशारा दिला होता की तिथल्या काही फार्मसीत बनावट गोळ्या मिळतात आणि त्यात फेंटानिलसारखी घातक द्रव्यं असू शकतात. नर्स म्हणून सांगतो, स्वस्तातली पेनकिलर म्हणून एक गोळी सुद्धा नको.

---

शेवगा

बाप रे केवढी माहिती. सगळ्यांचे मनापासून आभार. सुरक्षेचं कुणी लिहिलं नाही, सासूबाईंनी बातम्या बघून नको म्हणून सांगितलंय.

---

रात्रपाळी_आरएन

त्यांची काळजी रास्त आहे, तिला खोडून काढू नका. बाहा कॅलिफोर्निया राज्याबद्दल अमेरिकन सरकारचा सल्ला बरीच वर्षं तिसऱ्या पातळीचा आहे, म्हणजे जाण्याचा फेरविचार करा. जायच्या आठवड्यात तो पुन्हा वाचा. हिंसाचार आहे, तो मुख्यतः टोळ्यांमधला आणि पर्यटक जातात त्या भागांपासून दूरच्या वस्त्यांमधला, पण शून्य धोका कुणीच सांगू शकत नाही. गटाबरोबर राहा, अंधार पडल्यावर एकट्याने गल्ल्यांमध्ये फिरू नका, रस्त्यात टॅक्सी पकडण्यापेक्षा उबर किंवा टूरची व्हॅन. दागिने घरी. मंगळसूत्र पण साधं घाला. ई-सिगारेट, चाकू असलं काही खिशात नको, मेक्सिकोचे नियम कडक आहेत. आणि मोबाइल प्लॅनमध्ये मेक्सिको आहे का ते आधीच बघा, गटातून चुकामूक झाली तर फोन चालू हवा.

---

शेवगा

टूरवाल्यांना मेल केला, अबोलीताईंनी सांगितले तसेच प्रश्न विचारले. दोन ठिकाणांहून उत्तर आलं. एकीने लिहिलं व्हेजिटेरियन वेलकम, बस. दुसरीने प्रत्येक थांब्याचं लिहून पाठवलं: पहिल्या ठिकाणी नोपाल आणि चीज, मक्याची तोर्तिया, तवा वेगळा करतील, बाजारात फुलांची क्वेसाडिया, माशांच्या गाडीवर आमच्यासाठी काही नाही, तिथे शेजारच्या दुकानातून नारळपाणी आणि फळं, बीन्स चरबीतले असतात म्हणून देणार नाही, आणि सीझर सॅलड बिनअँचोव्ही करून देतात का ते विचारून कळवते. शिवाय शाकाहाऱ्यांना थोडा दर कमी. हीच घेतेय. बुधवार सकाळ मिळाला, आठ जणांचा गट. माझा स्टॅम्प चालू आहे, नवऱ्याचा बघितला तर तो डिसेंबरपर्यंत आहे, चालेल ना?

---

अबोली_एसडी

टूरच्या दिवशी चालू असला म्हणजे मेक्सिकोत शिरायला आणि परत यायला अडचण नाही. तरी त्याचा पासपोर्ट कधी संपतोय तेही बघून ठेवा, वर लिहिलंय ते आय-९४ चं. आय-७९७ ची मूळ प्रत आणि एखादी पे स्लिप सोबत असू दे, विचारतीलच असं नाही. गाइडला टिप १५ ते २० टक्के धरा आणि ती रोख द्या. टाकोच्या गाड्यांवर पण बरणी असते, सुटे पेसो टाका.

बुधवारी ट्रॉलीने येणार असाल तर आदल्या रात्री ब्लू लाइनचं वेळापत्रक बघा, रुळांची कामं निघतात तेव्हा मधल्या स्टेशनांना बस लावतात आणि वेळ वाढतो. डाउनटाउनहून एरवी पाऊण तास लागतो, तुम्ही सव्वा तास धरा. सकाळी घरून फक्त चहा घेऊन निघा.

---

रानभाजी

@शेवगा बाजारात गेलात की घोळ मिळते का बघा आणि त्यांनी कशी केली ते इथे लिहा. रेसिपी हवीये.